प्रेशरच्या टाकीत वरचं आणि तळाचं सॅम्पल परत परत जुळत नाही? आरपीएम वाढवायच्या आधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. वरच्या नोझलचं सॅम्पल एक सांगतंय, तळाचं दुसरंच, अॅजिटेटर (टाकीतलं ढवळणारं यंत्र) चालू आहे, प्रेशर नॉर्मल, टेंपरेचर नॉर्मल, आणि बॅच लॅबच्या रिपोर्टवर अडकून पडलीय. मग कुणीतरी व्हीएफडीवर (मोटारचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) स्पीड वाढवतं, दोनचार बॅचेस बऱ्या जातात, आणि पुन्हा तेच सुरू. उघड्या टाकीत निदान झाकण काढून डोकावता तरी येतं, प्रेशर वेसलमध्ये आत काय चाललंय ते दिसतच नाही, त्यामुळे सगळं अंदाजावर चालतं आणि अंदाज फिरून फिरून "मिक्सिंग कमी पडतंय, जोर वाढवा" इथेच येऊन थांबतो. माझं मत असं की जोर कमी पडण्याच्या केसेस त्या मानाने कमी असतात, जास्त करून टाकीच्या कुठल्यातरी भागात फिरणारं लिक्विड पोचतच नसतं, आणि तो भाग सापडेपर्यंत केलेला कुठलाही उपाय चार दिवसांचा.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू, कारण तो अनुभवी माणसांच्या तोंडूनही ऐकू येतो. आत १० बार प्रेशर आहे म्हणजे लिक्विड दाबलं जाऊन आपोआप एकजीव होत असणार, असं अजिबात होत नाही. लिक्विड जवळपास दबतच नाही, पाण्यावर १० बार जादा प्रेशर टाकलं तरी त्याचं आकारमान साधारण ०.०५ टक्केच कमी होतं, आणि ते प्रेशर सगळीकडून सारखं असल्यामुळे लिक्विड जागचं हलत नाही. हलायला दोन जागांच्या प्रेशरमध्ये फरक लागतो, तो इम्पेलर (अॅजिटेटरच्या शाफ्टवरचं ब्लेडचं चाक) किंवा पंप तयार करतो, लिक्विडच्या वर भरून ठेवलेल्या नायट्रोजन गॅसचं ब्लँकेट करत नाही. आणि "ठेवून दिलं की हळूहळू होईल मिक्स" यावरही विसंबू नका, नुसत्या डिफ्युजनने (रेणू आपोआप पसरत जाऊन) पाण्यासारख्या लिक्विडमध्ये एक मीटर अंतर पार व्हायचं म्हटलं तर हिशेब तीसेक वर्षांवर जातो.

याचीच दुसरी बाजू जास्त कामाची आहे. दोन लिक्विड खरोखर एकमेकांत विरघळली असतील आणि एकदा नीट मिसळली असतील तर ती रात्रभर ठेवल्याने पुन्हा वेगळी होत नाहीत. त्यामुळे ऑपरेटर म्हणाला की "संध्याकाळी बरोबर होतं, सकाळी परत वर-खाली झालं" तर तिथेच थांबून विचार करायचा. एक तर ते संध्याकाळीही मिक्स नव्हतं आणि सॅम्पलने फसवलं. नाहीतर ते खरं द्रावण नाहीच, इमल्शन आहे किंवा बारीक कण तरंगताहेत किंवा थंड झाल्यावर काहीतरी क्रिस्टल होऊन तळाला बसतंय. नाहीतर रात्रीतून टाकीत काहीतरी आलंय, म्हणजे बंद असूनही गळणाऱ्या (पासिंग) व्हॉल्व्हमधून, लाइन धुतलेलं पाणी, वरच्या गार भागावर वाफ थंड होऊन परत पडलेले हलके घटक, किंवा शाफ्टच्या सीलमध्ये भरलेलं बॅरियर फ्लुइड. या तिन्हींचे इलाज पूर्ण वेगळे आहेत आणि स्पीड वाढवणं हे यातल्या फार थोड्या ठिकाणी उत्तर आहे.

आता सॅम्पल. इथे मी मुद्दाम वेळ घेतोय, कारण प्रेशरच्या टाकीत सॅम्पल घेणं हेच सगळ्यात कठीण काम आहे आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. साधं उदाहरण घ्या, २५ मिमी आतल्या व्यासाची सॅम्पल लाइन ६ मीटर लांब असेल तर नुसत्या लाइनमध्येच जवळपास ३ लिटर माल बसतो, तो कधीचा आहे कुणाला ठाऊक, आधीच्या बॅचचाही असेल. लाइनच्या आकारमानाच्या निदान तिप्पट फ्लश व्हायला हवं, म्हणजे इथे ९ लिटर, आणि प्रत्यक्षात अर्धा लिटर बादलीत सोडून बाटली भरली जाते. मग तळाचं सॅम्पल "वेगळं" येणारच. इतका माल सोडून द्यायचा नसेल, आणि विषारी किंवा पेट घेणारा माल तर सोडायचाच नाही, तर सॅम्पल लाइनचा लूप करून फ्लश परत टाकीत किंवा पंपाच्या सक्शनला न्यायचा. पंपाच्या डिस्चार्जवरून निघून सक्शनला परत येणारा लूप सगळ्यात सोपा पडतो कारण त्यात फरकाचं प्रेशर आयतंच मिळतं.

दुसरं म्हणजे फ्लॅशिंग. आत ८ बारवर शांत बसलेलं लिक्विड उघड्या बाटलीत सोडलं की हलके घटक आणि विरघळलेला गॅस क्षणात उडून जातात, बाटलीत उरतं ते टाकीतलं लिक्विड नसतं. वरची लाइन उन्हात गरम, तळाची सावलीत गार, एवढ्यानेही दोन बाटल्यांमधून उडणारं प्रमाण बदलतं आणि लॅबला फरक दिसतो जो टाकीत नाहीच. असा माल दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असलेल्या सॅम्पल सिलिंडरमध्येच घ्यायचा, प्रेशर न सोडता. आणि सिलिंडर काठोकाठ भरायचा नाही, साधारण ८० टक्के लिक्विड आणि वर २० टक्के मोकळी जागा ठेवायची, नाहीतर सिलिंडर थोडा गरम झाला तरी लिक्विडला प्रसरण पावायला जागा नसते आणि आतलं प्रेशर इतकं चढतं की सिलिंडर फुटू शकतो. घाई असली की नेमकं हेच राहून जातं म्हणून सांगतोय.

सॅम्पल खोटं बोलतंय की टाकी, हे ओळखायला एक सोपी चाचणी करा. एकाच नोझलवरून, नीट फ्लश करून, लागोपाठ तीन सॅम्पल घ्या आणि लॅबला न सांगता कुठलीही खूण न ठेवता द्या. या तिघांमधला आपापसातला फरक जर वर-खाली फरकाइतकाच निघाला तर टाकीला हात लावू नका, आधी सॅम्पलिंग आणि टेस्ट सुधारा. तीन सॅम्पल एकमेकांशी जुळले आणि वर-खाली मात्र फरक राहिला, तरच टाकीवर संशय घ्यायचा.

सॅम्पलशिवायही टाकी बरंच काही सांगत असते. वर आणि खाली टेंपरेचर पॉइंट असतील तर त्यांचा ट्रेंड एकावर एक टाकून बघा, चालू अॅजिटेटरमध्ये दोन्ही जवळजवळ एकत्र फिरायला हवेत, जॅकेटचा (टाकीभोवतीच्या तापवणाऱ्या-गार करणाऱ्या आवरणाचा) सेटपॉइंट बदलल्यावर तळाचा लगेच हलतो आणि वरचा कितीतरी वेळाने हलतो असं दिसलं तर वरचा थर वेगळा पडलाय हे तिथेच कळतं. दुसरं साधन डीपी ट्रान्समीटर, म्हणजे दोन जागांच्या प्रेशरमधला फरक मोजणारं उपकरण. दोन टॅपिंगमधलं (ते टाकीला जिथे जोडलंय त्या जागांमधलं) अंतर पक्कं असेल आणि दोन्ही टॅपिंग लिक्विडखाली असतील तर डीपीवरून त्या पट्ट्याची डेन्सिटी निघते. २ मीटर अंतरावर १० किलो प्रति घनमीटर इतका डेन्सिटीचा फरक म्हणजे साधारण २० मिमी पाण्याच्या स्तंभाएवढा डीपीचा फरक, चांगल्या ट्रान्समीटरला तो दिसतो. फक्त लिक्विडमध्ये गॅसचे बुडबुडे अडकलेले असतील तर हे रीडिंग कमी दाखवतं, ते लक्षात ठेवून वाचायचं. आणि हो, थर पडलेल्या टाकीत डीपीवर चालणारी लेव्हलसुद्धा चुकते, कारण तो ट्रान्समीटर उंची मोजत नसून वजन मोजतो आणि आपण एकच डेन्सिटी धरून त्याची उंची केलेली असते. रडार (लिक्विडची उंची थेट मोजणारा) आणि डीपी दोन्ही असतील आणि दोघांत अंतर पडायला लागलं असेल तर ते अंतर हेच एक लक्षण समजा.

आता एक आकडा, जो माझ्या मते या सगळ्या भानगडीत सगळ्यात उपयोगी आहे. पाण्यासारखं पातळ लिक्विड, बॅफल (लिक्विड नुसतं गोल फिरू नये म्हणून भिंतीला लावलेल्या उभ्या पट्ट्या) असलेली टाकी, लिक्विडची उंची साधारण टाकीच्या व्यासाएवढी, आणि टाकीच्या एक तृतीयांश व्यासाचा तिरक्या ब्लेडचा इम्पेलर, अशा ठिकाणी ९५ टक्के एकसारखेपणा यायला इम्पेलरच्या चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या लागतात. ६० आरपीएम असेल तर पाऊण मिनिट! तुमची टाकी इतकी आदर्श नसेल, दुप्पट धरा, पाचपट धरा, तरी चार-पाच मिनिटांत विषय संपायला हवा. म्हणजे पातळ लिक्विडमध्ये चार तास ढवळूनही वर-खाली फरक राहत असेल तर तिथे "मिक्सिंग स्लो आहे" हे निदान बसतच नाही, मिक्सिंग स्लो असतं तर चार तासांत दहा वेळा पूर्ण झालं असतं. तिथे काहीतरी तुटलंय, उलटं फिरतंय, किंवा एक भाग बाकीच्या टाकीपासून तुटलाय.

तुटलंय का, हे आधी करंटवरून बघा. अॅजिटेटर नवीन बसवला तेव्हाचं करंटचं रीडिंग, त्याच स्पीडला, त्याच लेव्हलला, त्याच मालात, कुठेतरी लिहिलेलं असतं, ते शोधून काढा. करंट कमी झालाय आणि व्हायब्रेशन वाढलंय म्हणजे एखादं ब्लेड गेलं असण्याची शक्यता जास्त. करंट कमी पण व्हायब्रेशन ठीक, तर बॅफल सुटलं असेल, बॅफल नसलं की सगळं लिक्विड शाफ्टबरोबर गोल गोल फिरतं, वर-खाली जात नाही आणि इम्पेलरला विरोध कमी झाल्यामुळे करंटही पडतो. करंट जवळजवळ नो-लोडला आला असेल तर आतला शाफ्टच कपलिंगपासून सुटलाय का ते तपासा, मोटार फिरतेय, गिअरबॉक्स फिरतोय, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर (डीसीएसवर) हिरवा दिवा आहे आणि आत काहीच हलत नाही, हे प्रत्यक्षात घडतं. मॅग्नेटिक ड्राइव्हचे अॅजिटेटर प्रेशरच्या टाक्यांवर आवडीने लावतात कारण त्यांना शाफ्ट सीलच नसतं, लीक व्हायची भीती जाते, पण लिक्विड घट्ट झालं किंवा झटक्यात स्टार्ट केलं तर मॅग्नेटची पकड सुटते, बाहेरचे मॅग्नेट फिरत राहतात आणि आतला शाफ्ट उभा. अशा ठिकाणी आतल्या शाफ्टचा स्पीड दाखवणारा सेन्सर हवाच, मोटार चालू असल्याच्या कॉन्टॅक्टवर भरवसा ठेवायचा नाही.

उलटं फिरणं हे तर मेंटेनन्सनंतरचं नेहमीचं दुखणं. मोटार काढली, परत जोडली, दोन फेज अदलाबदल झाले, दिशा बदलली. तिरक्या ब्लेडचा इम्पेलर उलटा फिरला की खाली ढकलायच्या ऐवजी वर ओढतो, हायड्रोफॉइल (विमानाच्या पंखासारख्या ब्लेडचा इम्पेलर) असेल तर त्याचा फ्लोही घसरतो, आणि आवाज, करंट वगैरेवरून पटकन कळत नाही. "मागच्या शटडाउनपासून सुरू झालं" असं कुणी म्हणालं की मी तरी आधी दिशाच विचारतो. फॅन कव्हरवरचा बाण बघून समाधान मानू नका, गिअरबॉक्सखाली दिसणारा शाफ्ट ड्रॉइंगमधल्या दिशेने फिरतोय का ते डोळ्यांनी बघा.

यातलं काहीच नसेल तर लेव्हल बघा, कारण तक्रार ठरावीक लेव्हललाच येते का हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. टाकीच्या व्यासापेक्षा लिक्विड बरंच उंच झालं, साधारण सव्वापटीच्या वर, की तळाजवळचा एकटा इम्पेलर वरपर्यंत नीट पोचत नाही, तो आपल्यापुरता खालचा घोळ फिरवत राहतो आणि वरचा थर आरामात बसून राहतो, विशेषतः वरचा माल हलका असेल तर. उत्पादन वाढवायचं म्हणून बॅच साइझ वाढवली आणि तेव्हापासून सॅम्पल जुळेनासे झाले, यामागे हेच कारण असू शकतं. उपाय म्हणजे शाफ्टवर वर आणखी एक इम्पेलर, पण तो लावायच्या आधी शाफ्टची लांबी, वजन आणि क्रिटिकल स्पीड (ज्या स्पीडला शाफ्ट जोरात थरथरायला लागतो) मेकरकडून तपासून घ्या. उलट बाजूला लेव्हल इम्पेलरच्या आसपास आली की ब्लेड अर्धं लिक्विडमध्ये अर्धं गॅसमध्ये आपटतं, शाफ्ट वाकतो, सील खराब होतं, म्हणून रिकामं करताना लो-लेव्हलला अॅजिटेटर बंद करणारा इंटरलॉक हवा आणि कुणी तो बायपास करून ठेवला नाही ना हे बघायला हवं.

ज्यांच्याकडे अॅजिटेटर नसून पंपाने रिसर्क्युलेशन आहे, आडव्या बुलेट टाक्या वगैरे, त्यांचं दुखणं वेगळं. तिथे हमखास हिशेब असा केला जातो की टाकी ५० घनमीटर, पंप ५० घनमीटर प्रति तास, म्हणजे एक तासात सगळं फिरून झालं. असं होत नाही. परत आलेला माल लगेच पूर्ण मिसळतो असं धरलं तरी एका टर्नओव्हरनंतर (टाकीएवढा माल पंपातून गेल्यावर) साधारण ३७ टक्के माल पंपातून एकदाही गेलेला नसतो, तीन टर्नओव्हरनंतरही ५ टक्के उरतो. आणि रिटर्न नोझल सक्शनच्या जवळ असेल तर याहून खूप वाईट, तोच तोच माल पंपातून फिरत राहतो आणि टाकीचं दुसरं टोक तसंच पडून. ड्रॉइंग काढा, सक्शन कुठे, रिटर्न कुठे, रिटर्नचा झोत कुठल्या दिशेला, एवढं कागदावर बाणांनी दाखवा, बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

रिटर्नला नुसता उघडा पाईप असेल तर त्याला जेट नोझल किंवा एज्युक्टर लावल्याने मोठा फरक पडतो. एज्युक्टर आजूबाजूचं लिक्विड ओढून घेतो, पंपाने दिलेल्या एका लिटरमागे टाकीतलं तीन-चार लिटर हलवतो, पण त्यासाठी नोझलवर पुरेसा प्रेशर ड्रॉप मिळायला हवा, तोही टाकीच्या प्रेशरच्या वर. इथे गल्लत होते, पंपाच्या डिस्चार्ज गेजवर १० बार दिसतं म्हणून लोक खूश, पण टाकीतच ९ बार असेल तर नोझलला उरला जेमतेम १ बार, त्यातूनही लाइनचा लॉस वजा करायचा. लांब बुलेटमध्ये एकच एज्युक्टर एका टोकाला लावून भागत नाही, दोन-तीन लावून झोताची दिशा अशी ठेवायची की टाकीभर एकच मोठा फेरा तयार होईल, समोरासमोर दोन झोत आदळवायचे नाहीत. आणि हायड्रोकार्बनसारखं वीज कमी वाहणारं लिक्विड असेल तर रिटर्न लिक्विडच्या पृष्ठभागाखालीच सोडायचा, वरून शिंपडला तर स्थिर विद्युतभार साठतो.

पंपच मध्येमध्ये खडखडत असेल, फ्लो सुटत असेल, तर प्रेशरच्या टाकीची एक खास गोष्ट सांगायला हवी. "टाकीत इतकं प्रेशर आहे, मग कॅव्हिटेशन कसं होईल" असा प्रश्न येतो, कॅव्हिटेशन म्हणजे पंपाच्या तोंडाशी लिक्विडची वाफ होऊन तिचे बुडबुडे फुटणं. द्रवरूप गॅस स्वतःच्याच वाफेच्या प्रेशरवर बसलेला असेल तर तो उकळत्या बिंदूवरच आहे, टाकीच्या प्रेशरचा एनपीएसएचला (वाफ होऊ नये म्हणून पंपाच्या सक्शनला मिळणाऱ्या जादा प्रेशरला) काहीही फायदा नाही, मिळते ती फक्त लिक्विडच्या उंचीची मदत, आणि सक्शन लाइनमधला लॉस ती पण खाऊन टाकतो. नायट्रोजनने प्रेशर दिलं असेल तर फायदा मिळतो खरा, पण मग लिक्विडमध्ये नायट्रोजन विरघळतो आणि सक्शनच्या स्ट्रेनरमध्ये किंवा इम्पेलरच्या तोंडाशी प्रेशर पडलं की बुडबुडे होऊन बाहेर येतो. पंपाचा फ्लो कमी, मिक्सिंग कमी, आणि दोष जातो टाकीला. स्ट्रेनर साफ करा, सक्शनवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना बघा, मग पुढे.

भरायचा क्रम हा फुकटातला उपाय आहे आणि तो सगळ्यात आधी करून बघण्यासारखा आहे. जड लिक्विड तळाला आणि हलकं वर भरलं की आपणच हाताने थर रचतो, मग इम्पेलरला आधी ते थर मोडण्यात ताकद घालवावी लागते. उलटं करा, हलकं आधी, मग जड, किंवा हलकं तळाच्या डिप पाईपने इम्पेलरच्या जवळ सोडा म्हणजे ते वर येता येताच मिसळतं. अॅजिटेटर भरतानाच चालू ठेवा, अर्थात इम्पेलर नीट बुडाल्यावर. घट्ट मालाचं मात्र वेगळं, पॉलिमरची द्रावणं किंवा ज्यांना हलायला सुरुवातीचा जोर लागतो अशा स्लरी, यांच्यात इम्पेलरभोवती एक पोकळीसारखा हलता भाग तयार होतो आणि भिंतीजवळचा माल पूर्ण स्थिर राहतो. तिथे वर सांगितलेला चाळीस फेऱ्यांचा आकडा लागू नाही, तिथे टेंपरेचर वाढवून व्हिस्कॉसिटी कमी करणं किंवा भिंतीपर्यंत पोचणारा अँकर नाहीतर हेलिकल रिबन प्रकारचा इम्पेलर लावणं हाच मार्ग.

सील पॉटकडेही (सीलच्या बॅरियर फ्लुइडच्या छोट्या टाकीकडे) नजर टाका. डबल मेकॅनिकल सीलमध्ये बॅरियर फ्लुइड टाकीच्या प्रेशरपेक्षा मुद्दाम जास्त प्रेशरवर ठेवतात, साधारण दीड-दोन बार जास्त, म्हणजे सील खराब झालं तर बॅरियर फ्लुइड आत जातं, माल बाहेर येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा की पॉटची लेव्हल उतरत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल तर ते फ्लुइड तुमच्या मालात जातंय, आणि वरच्या सॅम्पलमध्ये दिसणारा तो तेलकट अनोळखी घटक मिक्सिंगचा प्रॉब्लेम नाहीच. पॉट परत परत भरला जातोय का, हे शिफ्टच्या लॉगबुकमध्ये बघा.

आता स्पीडबद्दल, कारण तो मोह होणारच. पॉवर स्पीडच्या तिसऱ्या घाताने वाढते. १० टक्के स्पीड वाढवला की पॉवर ३३ टक्के जास्त, २० टक्के वाढवला की जवळपास ७३ टक्के जास्त. मिक्सिंगचा वेळ मात्र स्पीडच्या सरळ प्रमाणातच कमी होतो. म्हणजे ७३ टक्के जास्त पॉवर खर्चून वेळ जेमतेम १७ टक्के वाचला, आणि जो भाग पोचतच नव्हता तो तसाच. वर गिअरबॉक्सवर ताण, शाफ्ट क्रिटिकल स्पीडजवळ जायची भीती, आणि पृष्ठभागावर भोवरा पडून ब्लँकेटचा नायट्रोजन आत ओढला जाणं, म्हणजे वर सांगितलेला बुडबुड्यांचा त्रास आपणच विकत घेतला. इमल्शन असेल तर आणखी एक, जास्त जोराने थेंब इतके बारीक होतात की नंतर वेगळं करायचं असलं तरी होत नाही, थेंबाचा व्यास निम्मा झाला की तो बसायचा वेग चौपट कमी होतो.

आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय, बंद पडलेला अॅजिटेटर रिअॅक्शनच्या मध्यात नुसता परत चालू करू नका. ढवळणं बंद असताना फीड चालू राहिलं असेल तर न मिसळलेला, रिअॅक्ट न झालेला माल थर करून बसलेला असतो, अॅजिटेटर चालू केला की तो सगळा एकदम मिसळतो आणि उष्णता एकदम निघते, कूलिंग त्याला पुरत नाही, प्रेशर चढतं. रिलीफ व्हॉल्व्ह किंवा रप्चर डिस्क (प्रेशर जास्त झालं की फुटणारी चकती) प्रत्येक वेळी वाचवेलच असं धरून चालू नका. आधी फीड बंद, मग कूलिंग पूर्ण, मग तुमच्या प्रोसेस सेफ्टीच्या माणसाला बोलवायचं आणि लेखी पद्धत असेल तशीच ती पाळायची. फीडचा इंटरलॉकही मोटारच्या चालू-बंद सिग्नलवर न ठेवता शाफ्टचा स्पीड आणि कमी करंट यांच्यावर ठेवायचा, कारण आत्ताच बघितलं की मोटार चालू असून आत काहीच न हलणं शक्य आहे.

थर पडणं किती महागात जातं याची दोन उदाहरणं दोन्ही इटलीतलीच आहेत. १० जुलै १९७६ ला सेव्हेसोजवळच्या कारखान्यात बॅच अर्धवट ठेवून रिअॅक्टर थांबवलेला होता, ढवळणं बंद होतं, आणि वरच्या बाजूची भिंत स्टीममुळे लिक्विडपेक्षा बरीच जास्त तापलेली होती. ढवळणं चालू असतं तर ती उष्णता सगळ्या मालात वाटली गेली असती, तसं न होता वरचा पातळ थरच तापत गेला, काही तासांनी तिथून रिअॅक्शन पेटली, रप्चर डिस्क फुटली आणि डायॉक्सिन हे विषारी रसायन आजूबाजूच्या वस्तीवर गेलं. दुसरं १९७१ चं, ला स्पेझियाला, तिथे एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) साठवण टाकीत जड आणि जरा जास्त गरम माल हलक्या मालाच्या खाली जाऊन बसला, अठरा तासांच्या आसपास तो तसाच राहिला, आणि मग थर उलटून इतकी वाफ एकदम निघाली की टाकीचे रिलीफ व्हॉल्व्ह उघडले. दोन्हीकडे काही तास बाहेरून सगळं शांतच होतं.

तपासायला टाकी उघडायची वेळ आली तर घाई नको. प्रेशर शून्य, सगळ्या लाइन्स ब्लाइंड (प्लेट लावून बंद), मोटारला लॉकआउट (चुकून चालू होऊ नये म्हणून कुलूप), परमिट, आणि आत ऑक्सिजन मोजल्याशिवाय डोकंसुद्धा मॅनहोलमध्ये घालायचं नाही, कारण नायट्रोजनला वास नसतो आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. आत गेल्यावर बघायचं ते बॅफलचे सपोर्ट, ब्लेडचे बोल्ट आणि त्यांची झीज, तळाचं स्टेडी बेअरिंग, डिप पाईप तुटून अर्धा झालाय का, आणि भिंतीवर कुठल्या उंचीपर्यंत साका जमलाय. तो साका जमलेला पट्टा म्हणजे जिथे लिक्विड हलत नव्हतं ती जागा, तिचा फोटो आणि उंची नोंदवून ठेवा.

दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करा, तोच नोझल, तेच फ्लशिंग, तीच लेव्हल, तेच तीन सॅम्पल, आणि नवीन करंट लॉगमध्ये लिहा म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला आकडा असेल. एवढं सगळं ठीक निघूनही फरक राहिला तरच इम्पेलर बदलायचा विचार करा, आणि तेव्हाही स्पीड वाढवण्याऐवजी मोठ्या व्यासाचा, कमी स्पीडवर फिरणारा हायड्रोफॉइल आधी बघा, पातळ लिक्विड नुसतं एकसारखं ठेवायला तेवढ्याच पॉवरमध्ये तो जास्त लिक्विड हलवतो. फक्त मोठा व्यास आणि कमी स्पीड म्हणजे टॉर्क जास्त, त्यामुळे ऑर्डर द्यायच्या आधी गिअरबॉक्सचं टॉर्क रेटिंग आणि इम्पेलर मॅनहोलमधून आत जाईल का, की दोन तुकड्यांत बोल्ट करून घ्यावा लागेल, हे बघून घ्या.